झुबकीचा शेवटचा दिवस

माणसांना सुचायच्या कितीतरी आधी प्राण्यांनी आपलं एक प्राणिसंग्रहालय काढलं होतं. तिथे झुबकी नावाची खार पिल्लांना माहिती द्यायला शिकत होती. शेवटच्या दिवशी बिबट्याच्या पिंजऱ्यासमोर एकटीने बोलून दाखवलं, की शिक्षण पुरं, असा तिथला रिवाज होता.

"भीती वाटली तरी दाखवायची नाही," मागे उभ्या असलेल्या साळूमावशीने बजावलं. पिल्लांना शिकवणाऱ्यांना तीच तयार करायची.

झुबकी जमलेल्या पिल्लांना हसून म्हणाली, "बाळांनो, घाबरायचं काही कारण नाही हं!"

ते ऐकून एक ससुला पिंजऱ्यापासून लांब राहण्यासाठी आखलेली फक्कीची पांढरी रेघ ओलांडून थेट गजांपाशी गेला. झोपलेल्या बिबट्याचा एक डोळा किलकिला झाला.

"मागे फिर!" झुबकी किंचाळली. "मला त्याची भीती वाटते! रोज वाटते!"

ससुला उलट पावली पळाला. त्याच क्षणी गजांतून पंजा बाहेर आला आणि रिकाम्या मातीवर आपटला.

पिल्लं रेघेपासून आणखी मागे सरकली.

"मावशी, मी नापास ना?" झुबकीने रडवेल्या आवाजात विचारलं.

"शिकून झालं तुझं," साळूमावशी कशीबशी म्हणाली. तिच्या पाठीवरचे सगळे काटे ताठ उभे होते, आणि काही केल्या खाली बसत नव्हते.