बाईंचा आकडा

"पाण्यात किती विरघळतं हे विचारायला मी आलो नाही, बाई. सांगायला आलोय."

निरंजन घोलप प्रयोगशाळेच्या दारातूनच बोलला. कुमुदबाई सबनीस स्टुलावर बसून चष्मा पुसत होत्या. पुसत राहिल्या.

पदार्थ होता डायक्लोरोबेंझिन. कपड्यांच्या कपाटात ज्याच्या उग्र वासाच्या पांढऱ्या गोळ्या ठेवतात, तो. पाण्याशी त्याचं हाडवैर. लिटरभर पाण्यात चिमूटभरही विरघळत नाही. नेमका किती विरघळतो, तो आकडा बाईंनी तरुणपणी काढला होता आणि पुस्तकांतून तोच छापला जात होता.

घोलपचा आकडा त्याच्या दीडपट आला होता. बाईंचा खोडून आपला बसवायचा आणि त्यावरच पीएच.डी. मिळवायची, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

बाईंनी त्याची बाटली मागून घेतली. खिडकीच्या उन्हात धरली. पाण्यात बारीक पांढरी धूळ तरंगत होती.

"हे विरघळलंय?"

घोलप बाटलीकडे वाकला.

"हलवून हलवून ताक केलंस, घोलप. आता निवळू दे."

किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही. म्हातारीला आपला आकडा सोडवत नाही, असं घोलपला वाटलं. तरी त्याने बाटली ठेवली. रोज सकाळी मधलं नितळ पाणी काढायचा आणि मोजायचा. आकडा रोज थोडा उतरायचा. त्याच्याबरोबर घोलपची ताठ मानही.

एका सकाळी आकडा उतरत उतरत बरोबर बाईंच्या आकड्यावर येऊन बसला.

त्याने पुन्हा मोजून पाहिलं. तेवढाच. मग बाटली रिकामी केली, घासून धुतली, फडक्यावर पालथी घातली आणि बाईंसमोर जाऊन उभा राहिला. चुकलो म्हणाला. तुमचंच खरं, प्रबंधात तसंच लिहितो म्हणाला आणि पाया पडायला वाकला.

बाईंनी पाय स्टुलाखाली ओढून घेतले.

"काल किती होता?"

"याहून जास्त."

"परवा?"

"त्याहून जास्त."

"आणि उद्या?"

घोलपने मागे वळून पाहिलं. बाटलीतले उरलेसुरले थेंब फडक्यात जिरत होते...

तो म्हणाला, "पण बाई, आकडा तुमचा होता, म्हणून थांबलो..."

बाई उठल्या. पालथी बाटली सुलटी करून त्याच्या हातात दिली.

"पाणी कुणाच्या पाया पडत नाही, घोलप."