निंबाजीचा दुसरा डाव

ही गोष्ट इतकी जुनी आहे की तिच्यातल्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्याच्या राज्यात एका ओढ्याच्या दोन काठांवर दोन गावं होती आणि दोन्ही गावांना मिळून एकच बंधारा होता. थंडी सरली की ओढ्याची धार बारीक व्हायची. मग पाण्याची पहिली पाळी कुणाची, यावरून डोकी फुटायची. राजाला त्या फुटक्या डोक्यांचा कंटाळा आला. त्यानं ठरवून दिलं की महाशिवरात्रीच्या जत्रेत दोन्ही गावांच्या पैलवानांनी कुस्ती धरावी आणि जिंकेल त्याच्या गावानं आधी पाणी घ्यावं. उरेल ते दुसऱ्यानं.

अलीकडच्या गावाचा पैलवान होता हैबती. अंगानं बेताचाच, पण कुस्तीचं तसं डोकं त्या मुलखात दुसरं नव्हतं. समोरच्याचा खांदा जरासा हलला की तो आता काय करणार, हे हैबतीला कळायचं. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. वस्ताद एखादा डाव समजावून सांगत असत, तोवर हैबतीला त्याची तोड सुचलेली असे आणि त्या तोडीची तोडही. त्याच्याहून दांडगे गडी पाठीवर पडायचे आणि आपण पडलो कसे, याचा विचार आभाळाकडे बघत करायचे. मला विचाराल तर असं डोकं मिळणं हे भाग्यच.

पण त्या डोक्याला बसणं म्हणून माहीत नव्हतं. हैबती कुस्तीच्या हौदातून बाहेर आला तरी ते आत खेळतच राही. जेवताना भाकरीचा तुकडा हातात तसाच आणि मांडी सारखी हलतेय. शेजारी हसून बोलला, तर हा का हसला? कुत्रं शेपूट हलवत आलं, तर याच्या मनात काय आहे? सरळ रस्त्यानं चालतानासुद्धा तो उगाच मागं वळून बघायचा.

एकदा त्याची बायको सगुणा म्हणाली, "अहो, गाईची दोरी सैल झालीया. जरा बगा की."

हैबतीच्या मनात चक्र सुरू झालं. ही मला बाहेर का पाठवतेय? परवा माहेरी जायचं म्हणत होती. आधी गाय, मग गोठा, मग हळूच माहेर. तो गालातल्या गालात हसला आणि जागचा हलला नाही. थोड्या वेळानं गाय शेजाऱ्याच्या हरभऱ्यात सापडली.

"मी दोरी म्हनले ती दोरीच हुती," सगुणानं कपाळावर हात मारला. "तुमच्याशी मानसानं बोलायचं तरी कसं?"

हैबतीला यातून काहीच उमजलं नाही. हुशार माणसांचं हे असं होतं, काय करणार!

त्या वर्षी पाऊस हात राखून पडला होता. ओढ्याकाठी साऱ्या गावानं कांदा लावला होता, सगुणानंही आपल्या तुकड्यात लावला होता. पात तरारली होती, पण कांदा पोसायचा अजून बाकी होता. बंधाऱ्यात पाणी होतं ते एकाच गावापुरतं. पहिली पाळी गेली की उरलेल्या पाण्यात वाफे नुसते ओले झाले असते.

"वरीसभराचं कालवण त्या वाफ्यांत हाय," सगुणा म्हणाली. "एवढी कुस्ती मारा. मग बसा इचार करत."

त्या दोन गावांत एक चांगली रीत होती. जत्रेच्या आधी दोन्ही पैलवानांनी आपापल्या तालमीतली पाटीभर माती डोक्यावरून दुसऱ्याच्या गावी न्यायची. ती जत्रेच्या हौदात मिसळायची, म्हणजे कुणी परक्या मातीत पडलो असं म्हणायला नको. हैबती त्या वर्षी माती घेऊन पलीकडच्या गावात गेला.

तिथला पैलवान निंबाजी दांडगा, संथ आणि थोडक्यात बोलणारा गडी. त्यानं हैबतीच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली आणि ताकाचा तांब्या पुढं केला. हैबती ताक पीत त्याचे पाय, त्याचे खांदे, त्याची मान बघत राहिला.

"काय निंबाजी, यंदा काय नवं?"

"नवं कुठनं आनू? मला एक ढाक येती. तीच लावनार."

ढाक म्हणजे समोरच्याचा हात बगलेत दाबायचा आणि त्याला कमरेवरून पलीकडं फेकायचं.

"आनि ती बसली नाय तर?"

"तर परत लावीन," निंबाजी म्हणाला. "आनखी ताक घे."

हैबती घरी निघाला तो जवळजवळ पळतच. कुठला पैलवान आपला डाव वैऱ्याला सांगतो? सांगितला, म्हणजे तो लावायचा नाही. मग लावायचा कुठला? पट काढून पाय ओढणार? टांग मारणार? वाटेत तो दोनदा थांबला, स्वतःशीच हातवारे करून पुन्हा चालू लागला.

वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. "लेका, कोपर अंगाला चिकटवून ठेव. हातच घावला नाय तर ढाक बसंल कशी?"

"वस्ताद, इतकं सोपं असतंय व्हय?"

"असतंय कवा कवा," वस्ताद म्हणाले. "देवानं तुला अक्कल भरपूर दिलीया. तिला जरा बसाया पाट दे."

पण पाट कोण देतो! जत्रेपर्यंत हैबती निंबाजीचा दुसरा डाव शोधत राहिला. सकाळी त्याला तो डाव पट वाटे, दुपारी टांग वाटे आणि दिवे लागेपर्यंत तिसराच काही वाटू लागे. प्रत्येकाची तोड घोटून घोटून तालमीतले गडी दमले. ढाकेची तोड मात्र त्यानं एकदाही घोटली नाही, कारण ती लागणारच नव्हती.

जत्रेच्या दिवशी दोन्ही गावं हौदाभोवती दाटली. दोघांनी मातीला हात लावून कपाळाला नेला, सलामी दिली आणि शड्डू घुमले. निंबाजीनं येताच ढाकेला हात घातला. हैबतीचं कोपर सवयीनं अंगाला चिकटलं होतं, हात सुटला. निंबाजीनं पुन्हा तोच हात घातला. पुन्हा सुटला. वस्ताद काठावरून ओरडले, "असंच! असंच ऱ्हा!"

असंच राहिला असता तर निंबाजी दमला असता. त्याची छाती भात्यासारखी चालायला लागलीच होती. पण हैबतीचं डोकं धावत होतं. एवढी उघड हूल! हा माझं लक्ष वर अडकवतोय आणि घालणार खाली. तेवढ्यात निंबाजीचा गुडघा जरासा वाकला. दमलेल्या माणसाचा वाकतो तसाच वाकला होता. पण हैबतीला वाटलं, आला, दुसरा डाव आला! त्यानं पाय राखायला दोन्ही हात खाली नेले. कोपर अंगापासून सुटलं, निंबाजीनं हात बगलेत दाबला आणि पुढच्या क्षणी हैबतीच्या डोळ्यांपुढं नुसतं आभाळ होतं.

पलीकडचं गाव नाचायला लागलं. अलीकडच्या गावातली माणसं उठून घराकडं चालू लागली. निंबाजीनं हात देऊन हैबतीला उठवलं, त्याच्या पाठीची माती झाडली.

"पैलवान, मी तर आधीच सांगितलं हुतं की."

"म्हनूनच तर खरं वाटलं नाय," हैबती म्हणाला.

त्या वर्षी अलीकडच्या गावात कांदा बोराएवढा निघाला. वर्षभर घरोघरी तोच सोलावा लागला आणि सोलताना डोळ्यांतून पाणी मात्र मोठ्या कांद्याएवढंच आलं. पहिल्याच दिवशी सगुणानं भाकरीशेजारी तो इवलासा कांदा ठेवला. हैबती त्याच्याकडं बघत बसला, जेवेना.

"खावा," ती म्हणाली. "त्यात कायबी दडलेलं नाय. पानी मिळालं नाय, म्हनून बारीक ऱ्हायला. एवढंच हाय."

हैबतीनं मान खाली घातली. त्याची मांडी हलायची थांबली होती. त्यानं कांदा फोडला आणि पहिल्यांदाच समोर आलेला घास मुकाट्यानं खाल्ला.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, दडलेलं ओळखणारी बुद्धी मोठीच, पण तिनं आधी समोर आहे ते आहे तसं मानायला शिकावं.