केवडाराणीचं जातं

ऐका हं, आणि आधी एकमेकांना लाथा मारणं थांबवा. एक होती राणी. नाव केवडा. तिला दिवस गेले. गावात साखर वाटली, पण राणीच्या तोंडचं पाणी पळालेलं. का? तर तिची आई तिला जन्म देतानाच गेली होती. आईचा आवाजसुद्धा तिनं कधी ऐकला नव्हता, बरं का.

राजा तर तिच्याहून भेदरट! म्हणाला, "पाऊल खाली ठेवायचं नाही." मग काय, न्हाणीला मेणा, तुळशीला मेणा. पडून पडून राणीचे पाय सुजले, झोप उडाली. नुसती रडायची बिचारी.

एका सकाळी घरघर ऐकू आली. माहेरून आणलेलं आईचं जातं कोपऱ्यात पडून होतं, ते आपोआप फिरत होतं! राणी उठली. भिंत धरत धरत गेली, खुंट्याला हात लावला. आणि अगंबाई, जातं गायला लागलं.

"दळते मी बाई, ओंजळभर गहू,
लेकी माझ्या गं, नको एकली राहू."

"आई?"

"होय गं बाय. रोज चालत ये. झेपेल तेवढंच दळ, दमलीस की टेक. पण तुझं बाळ रडलं की माझा आवाज संपला हो."

मग राणी रोज चालत जायची. अंग मोकळं झालं, झोप लागायला लागली. एकदा तिनं विचारलं, "आई, फार दुखलं का गं?"

"दुखलं. खोटं कशाला सांगू?"

मग विचारलं, "भीती वाटली?"

"वाटली. हात धरायला कुणी नव्हतं ना."

तिसरा प्रश्न मात्र ओठांवर यायचा आणि परत फिरायचा. शेवटी रडतच विचारलं, "माझ्यामुळे गेलीस ना तू?"

जातं थांबलं. मग हळूच म्हणालं, "नाही गं वेडे. माझं आयुष्यच तेवढं. तुझं रडणं ऐकलं आणि गेले. तेवढं सुख पदरात बांधून नेलं."

कळा सुरू झाल्या. राणीनं राजाला जवळून हलू दिलं नाही. त्याचा हात धरून येरझाऱ्या घातल्या, सुईण कंबर चोळत राहिली. भीती होतीच, पण राणी एकटी नव्हती. मुलगी झाली. ट्यॅहॅ ट्यॅहॅ रडली. आणि तिकडे जातं गप्प झालं.

सव्वा महिन्यानं राणी बाळाला घेऊन जात्यापाशी बसली. खुंटा फिरवला. नुसतं पीठ पडलं. राणी हमसून हमसून रडली, तिचं बघून बाळही रडलं. मग राणीनंच ओवी धरली, "दळते मी बाई..." तशी पोर चटकन गप्प! अरे, पोटात असताना रोज ऐकलेलं ना तिनं. आजीचं गाणं ओळखलं.

मग राणी गात राहिली आणि सगळी सुखात राहिली. ती पोर निजली, आता तुम्हीही निजा. आणि आधी डोळे पुसा बघू, उशी भिजेल.