लिंबाजीनं ओळखलेलं शेकरू

घाटाच्या पायथ्याला, जिथं शेतं संपतात आणि रान लागतं, तिथल्या एका गावात लिंबाजी नावाचा एक भोळासांब राहत होता. अंगानं धट्टाकट्टा, मनानं निर्मळ. खोड एकच. सांगाल तेवढंच करायचा आणि सांगाल तस्संच करायचा. "जरा दाराकडे लक्ष ठेवा," म्हणून बायको पाण्याला गेली, तर परत येईतो मांजरानं दुधाचं पातेलं चाटूनपुसून साफ केलेलं. लिंबाजी दाराकडे टक लावून बसलेला.

अशा माणसाला काम कोण देणार? पण आबा पाटलांना पेरूच्या बागेवर राखणदार हवा होता. पेरू पिकायला लागले होते, आणि खारी एकेक पेरू अर्धा कुरतडून खाली टाकत होत्या. त्यात आबांच्या लेकीची, शेवंताची, सोयरीक जमत आली होती. पाहुण्यांपुढं काय कुरतडलेले पेरू ठेवायचे?

लिंबाजीची बायको सगुणा त्याला म्हणाली, "हेही काम घालवलंत तर मी चालले माहेरी. आणि तुम्हाला बरोबर नेणार नाही."

लिंबाजी घाबरला. बागेत जाऊन त्यानं आबांना विचारलं, "खार ओळखायची कशी?"

"अरे, पाठीवर पट्टे असतात. कुणाला तीन, कुणाला पाच. पट्टे बघायचे आणि डबा बडवून हाकलायचं."

आबा गेले. खार आली. लिंबाजी उठला आणि पट्टे मोजायला लागला. "एक, दोन... थांब गं बाई, हलू नको. एक, दोन..." खार थांबेना. ह्या फांदीवरून त्या फांदीवर. लिंबाजी मान वर करून तिच्यामागं हिंडतोय, ती पेरू खातेय.

संध्याकाळी आबा आले. खाली हा सडा!

"हाकललं का नाहीस?"

"तीनवाली का पाचवाली, हेच ठरेना."

"मोजायचं कशाला, लिंब्या? पट्टे दिसले की हाकल! मागंपुढं बघू नको!"

"बरं," लिंबाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सोयरिकीतले मध्यस्थ केरूनाना निरोप घेऊन आले. त्यांच्या अंगात पट्ट्यापट्ट्यांचा सदरा होता. लिंबाजीनं मागं पाहिलं नाही, पुढं पाहिलं नाही. डबा उचलला आणि बडवत सुटला. केरूनाना पळाले. "अरे, मी आहे, मी!" लिंबाजी म्हणाला, "तूच पाहिजेस!" केरूनाना शेणखताच्या खड्ड्यात गेले, तेव्हा कुठं तो थांबला.

आबांनी कपाळाला हात लावला. "अरे, तो माणूस! खारीला शेपूट असते. शेपूट नसेल तो माणूस. माणसाला हात जोडायचे, बसवायचं, गूळपाणी द्यायचं. समजलं?"

"समजलं. शेपूट नसेल तो माणूस."

दोन दिवस कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी रानातून एक अस्वल आलं. चांगलं काळंभोर, केसाळ. लिंबाजी हळूच त्याच्या मागं गेला आणि वाकून बघितलं. शेपूट काही दिसेना. त्यानं चटकन हात जोडले.

"या, या. घोंगडी काढून ठेवा, उकडत असेल."

अस्वल गुरगुरलं.

"राहू द्या मग," लिंबाजी म्हणाला. त्यानं गुळाची ढेप पुढं ठेवली. अस्वलानं ढेप खाल्ली. पेरूचा हारा पुढं सरकवला. अस्वलानं हारा रिकामा केला आणि आलं तसं गेलं.

आबांना जमिनीवर पंजांचे ठसे दिसले. "अस्वल होतं ते, लिंब्या! जिता कसा राहिलास?"

"शेपूट नव्हती, आबा. खाऊन पिऊन गेले बिचारे. बोलले मात्र नाहीत काही."

आता मात्र आबा खाली बसले. पाहुणे उद्या यायचे होते आणि ह्या माणसाला सगळं नीट शिकवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"हे बघ. पट्टेवाली लहान खार, ती हाकलायची. दुसरं शेकरू. ते मोठं असतं. पाठ तांबूस, पोट पांढुरकं, शेपूट ही एवढी लांब. ते मानाचं जनावर. त्याला धक्का लावायचा नाही. ते उंच झाडावर राहतं. जमिनीवर दिसलं तर कुत्री फाडतील, म्हणून वर चढेल असं बघायचं."

"आणि तिसरं?"

"तिसरी उडती खार. ती हातपाय फाकून अंगाची कातडी पसरते आणि ह्या झाडावरून त्या झाडावर तरंगत जाते. दिवसा दिसायची नाही. अंधाऱ्या ढोलीत झोपलेली असते. झालं? आता चुकलास तर बघ!"

लिंबाजीनं सगळं घोकलं. रात्री झोपेतसुद्धा "तांबूस पाठ, पांढुरकं पोट" चाललं होतं.

पाहुणे आले. मुलाचे वडील भाऊसाहेब म्हणजे भारदस्त माणूस. अंगात तांबूस कोट, बटणं पोटावर लागत नाहीत म्हणून पुढून पांढरा सदरा बाहेर आलेला, आणि डोक्यावर फेटा, त्याचा शेमला मागं थेट कमरेखाली. आल्यापासून त्यांना काही पसंत पडेना. चहा गोड, घर बुटकं, मुलगी हसते फार. सगळे पोह्यांना बसले तेव्हा, "बाग तरी बघतो कशी आहे ती," म्हणून ते एकटेच उठून बागेत शिरले.

लिंबाजीनं पाहिलं. पाठ तांबूस. पोट पांढुरकं. शेपूट कमरेखाली हलतेय. त्याचा जीव भांड्यात पडला. या खेपेला शंकाच नव्हती. पण हे मानाचं जनावर जमिनीवर!

त्यानं जांभळीला टेकवलेल्या शिडीकडं हात केला. "महाराज, वर चला."

"वर? कशाला?"

"खाली कुत्री आहेत. फाडतील."

भाऊसाहेब कुत्र्यांना फार भीत. "कुठं आहेत?" म्हणेपर्यंत ते चौथ्या पायरीवर होते.

"गावात," लिंबाजी म्हणाला.

पण तोवर भाऊसाहेब फांदीवर पोचले होते. लिंबाजीनं शिडी काढून घेतली.

"अरे, शिडी का नेतोस?"

"शेकरूला शिडी लागत नाही, महाराज."

त्यावर भाऊसाहेबांनी जो आरडाओरडा केला, तो ऐकून घरातली सगळी माणसं धावत आली. आबा, विहीणबाई, नवरा मुलगा, शेवंता. आबा वर बघतात तो भाऊसाहेब फांदीला मिठी मारून बसलेले.

"लिंब्या! काय केलंस हे?"

"काही नाही केलं, आबा. धक्कासुद्धा लावला नाही."

तेवढ्यात फांदी करकरली. भाऊसाहेबांचे हात सुटले, पाय सुटले, कोट वाऱ्यानं दोन्हीकडं पसरला, आणि ते तरंगत, म्हणजे जेवढं तरंगता येईल तेवढं, खालच्या गवताच्या गंजीत येऊन रुतले.

मग शेवंताच्या तोंडून खुदकन हसू निसटलं. नवऱ्या मुलानं तिच्याकडं पाहिलं आणि तोही हसला. विहीणबाई तर डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आबा, मुलगी आम्हाला पसंत आहे. आमच्या घरात हसणारं माणूस हवंच होतं." गवतात बसलेल्या भाऊसाहेबांना नाही म्हणायला दमच उरला नव्हता. त्यांनी नुसती मान हलवली.

हात जोडून आबा भाऊसाहेबांची माफी मागायला वळले.

पण लिंबाजी त्यांच्या आधी पुढं झाला होता. त्याचा चेहरा ओशाळा झाला होता.

"आबा, माझं चुकलं. शेकरू नव्हे हे. उडती खार आहे. उगीच भरदिवसा जागं ठेवलं बिचारीला."

आणि त्यानं पेरूचा रिकामा हारा उचलून भाऊसाहेबांच्या डोक्यावर पालथा घातला, वर बूड टेकून बसला, आणि तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना म्हणाला, "श्श! झोपतेय."