आधी खोड सांगा, मग पिल्लू न्या

एका राज्यात लोक कचेरीत खोटं बोलत, देवळात बोलत, सोयरीक जुळवतानाही बोलत. जनावरांच्या बाजारात मात्र बोलत नसत. तो बाजार भिवरा चेटकिणीचा होता आणि तिथला रिवाज एकच होता. विकणाऱ्यानं जनावराची सगळ्यात मोठी खोड चारचौघांत सांगायची, घेणाऱ्यानं स्वतःची. दोन्ही खऱ्या निघाल्या तरच जनावराच्या दाव्याची गाठ सुटे. नाहीतर हत्ती लावले तरी सुटत नसे.

त्या बाजारात राजा भद्रसेन आपल्या मुलीला, तरलेला, घेऊन आला. तरला बारा वर्षांची. गळ्यात पाचूंचा हार, तोंडात शब्द नाही. राजकन्या जन्मतःच मुकी आहे, असं राजानं साऱ्या प्रजेला सांगितलं होतं. मुकीला सोबत हवी, म्हणून तो कुत्र्याचं पिल्लू घ्यायला आला होता.

तरलेनं वीस पिल्लं ओलांडली आणि एकविसाव्यापाशी बसली. तांबूस, एक कान पडलेलं. ते तिचा अंगठा चोखू लागलं.

"याची खोड ऐक, राजा," भिवरा म्हणाली. "याच्या काळजाला छिद्र आहे. पळालं की धाप लागते, कधी भोवळ येते. सकाळ-संध्याकाळ काढा पाजावा लागेल. दोन पावसाळे काढील, कदाचित दहा. मला ठाऊक नाही."

राजानं पिल्लाच्या छातीला कान लावला. आतली अडखळ ऐकली आणि कान काढून घेतला.

"दुसरं दाखव. माझ्या लेकीनं जीव लावायचा आणि यानं मरायचं?"

तरलेनं पिल्लू शेल्याखाली घेतलं.

"तिचा जीव लावून झालाय," छपराच्या आढ्यावर बसलेली भिवराची बोलकी साळुंकी म्हणाली. "तू आता मुहूर्त कसला बघतोस?"

बाजार हसला. राजा चिडला. "आणखी काय लपवलं आहेस, म्हातारे?"

"लपवतात ते राजवाडे. मी माझं सांगितलं. तुझं सांग."

राजा म्हणाला, "मी लवकर संतापतो."

गाठ हलली नाही. "ते न सांगताही दिसलं," साळुंकी म्हणाली.

राजा म्हणाला, "मला स्तुती आवडते."

दावं आखडलं. पिल्लू कळवळलं आणि भोवळ येऊन तरलेच्या मांडीवर कलंडलं.

"तिसऱ्यांदाही सगळ्यात मोठी खोड दडवशील, तर दावं त्याचा गळा सोडणार नाही," भिवरा म्हणाली.

तरलेनं बापाचा हात धरला आणि त्या गाठीवर ठेवला. राजानं मुलीच्या गळ्याकडे पाहिलं. मग तो बोलला; इतकं हळू, की मागच्यांना पुढं सरकावं लागलं.

"हा हार मी पाताळविहिरीतल्या खजिन्यातून आणला. पेटीवर लिहिलं होतं, पहिल्या गळ्याला शाप, दुसऱ्या गळ्याला चक्रवर्तीपद. मला दुसरा गळा व्हायचं होतं."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. कोणीही त्याला मदत केली नाही.

"ही दीड वर्षाची होती. नुकती मला 'बाबा' म्हणू लागली होती. मी वाचलं, समजलं, आणि हार हिच्या गळ्यात घातला. हिची वाचा गेली, आणि हार निघेचना. म्हणून तुम्हाला सांगितलं, की ती मुकीच जन्मली."



गाठ सुटली. हाराचा फासाही सुटला, पाचू शेणात पडले, आणि ते कोणी उचलले नाहीत. पिल्लानं डोळे उघडले.

तरलेनं घसा खाकरला. राजा एका शब्दासाठी कान देऊन उभा राहिला.

"महाराज," ती म्हणाली, "याला चालवायचं नाही. उचलून घ्या."

राजानं पिल्लू शालीत घेतलं. घोड्यावर धक्के बसतील, म्हणून तो पायी निघाला. वाटेत लोक विचारत, तरला पहिल्यापासून सगळं सांगे, आणि तिचं सांगून होईतो राजा तिथंच खाली मान घालून उभा राही. छातीशी ते काळीज अडखळे, पुन्हा चालू होई. चार कोसांची वाट. त्या दिवशी ती फार लांबली.

शाप सरला, तरलेला वाचा आली. राजानं मात्र 'बाबा' ही हाक ऐकली ती तिसऱ्या पावसाळ्यात, काढा पाजताना. पिल्लू तेव्हा जिवंत होतं.