नानासाहेबांच्या घरचा साक्षीदार

“धूर माझ्या भट्टीचा नाहीच!” नानासाहेब ढमढेरे चावडीत गरजले. “बायकांच्या चुलींचा आहे. उतरवा ते डबे!”

डबे म्हणजे हवा मोजायची यंत्रं. गावानं गल्लोगल्ली खांबांवर बसवलेली, एकमेकांशी जोडलेली. जिथली हवा बिघडे, त्या गल्लीचा दिवा चावडीतल्या फळ्यावर लाल होई. नानासाहेबांची वीटभट्टी पेटल्यापासून एकही दिवा हिरवा झाला नव्हता.

सगुणा परटीण पुढे झाली. सकाळी वाळत घातलेलं धोतर दुपारी काजळून निघे आणि गिऱ्हाईक बोलणार तिलाच. डबे उतरले की दोष धुराचा, हे दाखवायला पुरावाच उरणार नव्हता!

“मालक, चुलींचा नाही असं दाखवलं तर?”

“भट्टी ओढ्यापलीकडे माळावर नेईन! पण साक्षीदार माझ्या घरचा पाहिजे. माझं मीठ खाल्लेला. आहे का असा कोणी?”

लोक खाली बघू लागले. धन्याविरुद्ध कोण बोलणार?

“उद्या दुपारी हजर करते,” सगुणा म्हणाली.

ती तडक नानासाहेबांच्या बायकोकडे, वहिनीसाहेबांकडे गेली. त्यांची पांढरी लुगडीही काळवंडतच होती. दोघींनी घरोघर निरोप धाडला.

सकाळी नानासाहेबांनी चहा मागितला.

“आज चूल बंद,” वहिनीसाहेब म्हणाल्या.

“मग गॅसवर कर!”

“तोही बंद.”

नानासाहेब तणतणत बाहेर पडले. हॉटेलची शेगडी थंड. पाटलांकडे गेले, सुताराकडे गेले, मास्तरांच्या दारातही उभे राहिले. चहाच्या आशेनं गाव पालथं घातलं. प्रत्येक घरी आदरानं पाणी मिळालं. नुसतं पाणी!

दुपारी चावडी भरली. फळ्यावरचे दिवे लालभडक.

“चोरून पेटवल्या असतील चुली!” नानासाहेब ओरडले. “कुठंय तुझा साक्षीदार?”

“हा काय, आलाय की! सकाळपासून घरोघर चुली तपासत हिंडलाय. जन्मभर तुमचंच मीठ खाल्लंय त्यानं.”

“कोण?”

“तुमचं पोट, मालक! विचारा त्याला, गावात कुठं चूल पेटली होती?”

सगळ्या चावडीनं कान टवकारले. आणि साक्षीदार बोलला. असा गुरगुरला, की दारातलं कुत्रं उठून उभं राहिलं!

नानासाहेबांनी डोळे वटारले. मग मिशी हलली. मग ते इतके हसले की फेटा सुटला.

“हरलो, सगुणे, हरलो! भट्टी माळावर जाईल. तुला जरीचं लुगडं, आणि आमच्या घरचं सगळं धुणं आजपासून तुझ्याकडे! पण आधी, बायांनो, एक तरी चूल पेटवा गं!”