खारबोरीचे पाणचाखे

पूर्णा नदीला घाट नव्हता, वाटेला मैलाचे दगड नव्हते आणि माणसांना आडनावं अजून चिकटायची होती, तेव्हाची ही गोष्ट. ऐकणाऱ्याने पाण्याचा तांब्या जवळ ठेवून बसावं. ऐकता ऐकता घशाला कोरड पडते, असं म्हणतात.

पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. जमीन काळीभोर, लोण्यासारखी. कापूस मागा, हरभरा मागा, ती नाही म्हणत नाही. पण पाणी मागितलं की मीठ हातावर ठेवते. त्या पट्ट्यात खारबोरी नावाचं गाव होतं. गावात विहिरी होत्या, पण सगळ्या खाऱ्या. त्या पाण्यात डाळ शिजत नव्हती आणि गुरं तोंड लावून मान फिरवत होती. बाया दोन कोसांवरून नदीचं पाणी आणायच्या. आसपासच्या गावांत म्हणच पडली होती, की लेक विहिरीत ढकलावी पण खारबोरीत देऊ नये, तिथे विहीरसुद्धा गोड नाही.

या गावात उकर्डाचा जन्म झाला. त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून आईने रीतीप्रमाणे त्याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीने सूपभर कोंडा देऊन विकत घेतलं. काळाला वाटावं, टाकाऊ माल आहे, याला कशाला उचला! पण आईचं एवढ्यावर भागलं नाही. तिने मरीआईपुढे पदर पसरला, "हे लेकरू ठेव माये. जल्मभर याच्या जिभेले मिठाचा कण लावणार नाई. लावला तर तुयं तू घेऊन जाय."

लेकरू जगलं. आईने शब्द पाळला आणि आईच्या मागे लेकाने पाळला. भाकर अळणी, वरण अळणी. लग्नाच्या पंगतीला गेला तर आपली शिदोरी सोडून वेगळा बसायचा. अळणी घरात कोण पोर देणार? तो बिनलग्नाचाच राहिला.

पण ज्या जिभेला मीठ ठाऊक नव्हतं, तिला मीठ लपवता येत नव्हतं. एकदा उकर्डा नदीवर ओंजळ भरून प्याला आणि म्हणाला, "वरच्या अंगाले मिठाचा बैल पडला." लोक हसले. दुसऱ्या दिवशी लमाणांचा तांडा आला आणि तांड्याचा नाईक सांगू लागला, की चार कोसांवर उतारात बैल घसरला, पाठीवरच्या गोण्या विरघळून गेल्या. मालाची पारख करणारे पुष्कळ असतात. वाहून गेलेल्या मालाची पारख करणारा तो एकटाच, असं म्हणतात.

मग लोक त्याला बुवा म्हणू लागले आणि गावोगावची बोलावणी येऊ लागली. वडार विहीर खणायचे आणि ओल लागली की मातीचा गोळा वर पाठवायचे. उकर्डा डोळे मिटून तो जिभेवर ठेवायचा. म्हणायचा, "अजून." पुन्हा गोळा यायचा. "अजून." आणि मग एकदा म्हणायचा, "थांबा." त्यानंतर पहारेचा एक घाव घालायचा नाही. कारण त्या मुलखात पावसाचं गोड पाणी खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगत असतं. साय काढताना हात जड पडला, की खालचं सगळं वर येतं. या कामाचे तो पसाभर जोंधळे घ्यायचा. जेवायला मात्र कुणाच्या घरी बसला नाही.

शेवटी त्याने खारबोरीलाही पाणी दिलं. पाटलाच्या गोठ्यामागे, बाभळीखाली. पहिली घागर वर आली तेव्हा बाया रडल्या. पाणी थोडं होतं. सकाळी घरटी दोन घागरी, की संध्याकाळपर्यंत विहिरीला विसावा. पण गोड होतं, आणि आपलं होतं.

गावचा पाटील दौलतजी. माणूस वाईट नव्हता, पण न ऐकण्याची सवय लागलेला होता. त्याची लेक रेणुका लग्नाची झाली आणि गोड विहिरीच्या कीर्तीने नदीपलीकडच्या मोठ्या घराचं मागणं आलं. खारबोरीच्या पोरीला असं घर कधी मिळालं नव्हतं. दौलतजीला वाटलं, हे लग्न नीट पार पडलं की गावाच्या सगळ्या पोरींची वाट मोकळी झाली. वैशाखातली तिथी धरली. आणि नेमका त्याच वर्षी पावसाने दगा दिला. चैत्र सरता सरता विहिरीत गुडघाभर पाणी उरलं.

वऱ्हाड गाड्यांच्या रांगा घेऊन येणार होतं. माणसं प्यायची होती, बैल प्यायचे होते. उकर्डा तेव्हा दुसऱ्या गावी विहिरीच्या कामाला गेलेला. दौलतजीने हनमा वडाराला बोलावलं.

"हनमा, अजून दोन हात खाली जाय."

"मालक, बुवानं थांबा म्हटलं होतं."

"बुवा पानी चाखते, वरात नाई सांभाळत. उतर."

हनमा उतरला. पहारेचे घाव पडले, तळाचा कातळ फुटला आणि पाण्याचा असा उमाळा आला, की हनमा दोर धरून कसाबसा वर आला. बघता बघता विहीर पुरुषभर भरली. लोकांनी ओंजळी भरल्या. गोड! दौलतजीने दारात गूळ वाटला. त्या दिवशी त्याची छाती एवढी फुगली, की अंगरख्याचे बंद तुटले, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी उकर्डा परतला. पाटलाने स्वतः चांदीच्या लोट्यात पाणी पुढे केलं. "घे बुवा, चाख. तुह्याविना विहिरीचं पानी वाढलं."

उकर्डाने घोट घेतला आणि त्याच्या तोंडावरचा रंग गेला.

"पाटील, खार आलं."

लोकांनी पुन्हा ओंजळी भरून चाखलं. मग हसू फुटलं. ठकू म्हातारी पुढे आली, "सकाळपासून तीन तांबे पेली मी. मले तं गुळावानी लागलं. बुवा, तुही जीभ म्हतारी झाली!"

"आज गूळ लागन, काकी. परवा डाळ शिजायची नाई, अन् मंग कधीच शिजायची नाई. अजून वेळ हाये. सगळं पानी उपसा. काळी माती तुडवून द्या, मी भोकं बुजवतो."

दौलतजीच्या कानात दडे बसले. उपसायचं? वऱ्हाड उद्या वेशीत येणार होतं. पाणी नाही म्हणून निरोप धाडला, तर सोयरीक तर मोडेलच, वर खारबोरीचं हसं होईल. रेणुका दारात हळदीच्या अंगाने उभी होती. तिच्याकडे बघून त्याचा तोल गेला.

"तुले कायची काळजी रे गावाची? कोनाचं मीठ खाल्लं तू आजवर? ना माह्यं, ना गावाचं. अळणी मानूस तू. ज्यानं मीठच नाई खाल्लं, थो गावाले काय जागन?"

शब्द सुटला आणि दौलतजीचा स्वतःचाच हात तोंडावर गेला. पण सुटलेला शब्द काही पोहऱ्यासारखा ओढून घेता येत नाही. ज्याच्या जिभेवर अर्धा मुलूख पाणी पीत होता, त्याला हे बोलणं!

उकर्डा रागावला नाही. म्हणाला, "खरं हाये, पाटील." त्याने पागोटं उतरवून बाभळीला अडकवलं, तुडवलेल्या काळ्या मातीची पाटी मागितली आणि दोराने विहिरीत उतरला.

आता हे नीट ऐका. भरल्या विहिरीत तळाचं भोक डोळ्यांना दिसत नाही. ते शोधायचं तर जिभेनेच. म्हणजे बुडी मारायची, तळाशी तोंड उघडायचं आणि जिथे खार झोंबेल तिथे माती दाबायची. दौलतजी काठावर पालथा पडून बघत होता. उकर्डाने पहिली बुडी मारली, वर आला आणि किंचाळला. आजवर त्याने पाण्यातून मिठाची नुसती चाहूल घेतली होती, उघडं मीठ जिभेला जन्मात पहिल्यांदा लागलं होतं. त्या किंकाळीने बाभळीवरचे कावळे उडाले आणि वर्षभर तिच्यावर बसले नाहीत, असं म्हणतात.

आईचा नवस गावात सगळ्यांना ठाऊक होता. दौलतजी ओरडला, "बुवा, वर ये! नको मले पानी! ये वर!"

उकर्डाने ऐकलं नाही. तो पुन्हा बुडाला.

तेव्हा दौलतजी उठला. त्याने दोर धरला, पोहरा सोडला आणि पाणी उपसून मातीत ओतू लागला. पाटलाचा हात दोराला लागलेला गावाने कधी बघितला नव्हता. मग हनमा धावला, बाया धावल्या, नवरदेवासाठी मांडलेल्या घागरी उपशाला लागल्या. रेणुका हळदीच्या हातांनी दोर ओढत होती. वरून पाणी जात होतं, खालून उकर्डा एकेक भोक बुजवत होता. त्याचे ओठ फाटले, डोळे लाल झाले, आणि दर बुडीगणिक त्याचे केस पांढरे होत होते. शेवटचं भोक सापडलं तेव्हा त्याने मातीचा गोळा त्यात दाबला, त्यावर पाठ टेकून बसला आणि पाण्याला म्हणाला, "थांब." पाणी थांबलं, असं म्हणतात.

त्याला वर काढलं तेव्हा अंगावर मिठाचा थर होता. भुवया पांढऱ्या, खांदे पांढरे. दौलतजीने दोन तांबे आणवले. एकात नदीचं पाणी, एकात जुन्या खाऱ्या विहिरीचं. त्याला काय ऐकायचं होतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"चाख बुवा. यातलं गोड कोनतं?"

उकर्डाने दोन्ही चाखले. पहिला पुन्हा चाखला. मग लहान मुलासारखा पाटलाच्या तोंडाकडे बघत राहिला.

"मले कळत नाई."

त्या घटकेला खारबोरीत कुणी श्वास घेतला नाही. पाळण्यातली पोरं रडायची थांबली, असं म्हणतात.

सूर्य बुडायच्या आत उकर्डा बाभळीखाली निजला तो निजला. त्याला उचलायला माणसं गेली, तर घोंगडीवर माणूसच नव्हता. मिठाची पांढरी रास होती. रानातून परतणारी गुरं तिच्याभोवती गोळा झाली. मिठासाठी भिंती चाटणारी जनावरं ती, पण एकानेही जीभ लावली नाही.

दुसऱ्या दिवशी दौलतजी अनवाणी वेशीवर जाऊन उभा राहिला आणि वऱ्हाडाला त्याने काहीएक न लपवता सगळं सांगितलं. नवरदेवाचा बाप गाडीतून खाली उतरला. मग गाडीवानांना म्हणाला, "वळवा गाड्या. नदीवर चला, पानी भरून आना." रेणुकाचं लग्न नदीच्या पाण्यावर लागलं आणि पंगत अळणी उठली. विहिरीत सकाळी पाणी होतं. गुडघाभर, आणि गोड.

आता राहिलं ते नाव. उकर्डाला पोर ना बाळ, मागे पाणी कोण देणार? तेराव्याला गाव जमलं तेव्हा दौलतजी उभा राहिला. "आजपासून माह्या घराले पाटील म्हणू नका. पाणचाखे म्हणा."

त्याचा मेहुणा घाबरला. "दाजी, पाटीलकी टाकून पाणचाखे? लोक हसतीन!"

"हसू दे. हसले की पुसतीन, अन् पुसलं की सांगावं लागन."

म्हणून आज पाणचाखे आडनावाचा माणूस भेटला तर त्याला उकर्डाचा वंशज समजू नका. त्याच्या अंगात उकर्डाच्या रक्ताचा थेंब नाही. तो टोचून बोलणाऱ्याच्या वंशातला आहे. हे आडनाव वाढलं नाही, त्याचंही कारण हेच. शाळेत नाव घालताना कितीतरी पोरांनी गुपचूप पाटील लिहिलं. पाटील लिहिलं की कुणी काही विचारत नाही. पाणचाखे लिहिलं की गोष्ट सांगावी लागते, आणि गोष्टीत आपलाच आजा-पणजा वाईट दिसतो. आज खारबोरीत पाणचाख्यांची चार घरं उरली आहेत. एक अकोल्याला मास्तर आहे आणि एक सुरतेच्या कापडबाजारात. सगळे पाणचाखे एका टेम्पोत मावतील. त्यांतल्या एका पोरीने लग्न झाल्यावरही हेच नाव ठेवलं. सासरा चमकला, पण गोष्ट ऐकल्यावर "राहू दे" म्हणाला.

अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघर पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. खारबोरीत त्या दिवशी एक घागर जास्त भरते, उकर्डाबुवाची. ती पाणचाख्यांनी भरायची. सकाळपासून गावात कुणाच्या चुलीवर मीठ पडत नाही. बाभळीच्या जागी आता पार आहे. तिथे घागर ठेवली की पाणचाख्यांतला सगळ्यांत वडील माणूस उभा राहतो आणि सगळ्या गावादेखत, मोठ्याने, दौलतजीचं तेच बोलणं बोलतो. शब्द गाळायचा नाही, आवाज दाबायचा नाही. "ज्यानं मीठच नाई खाल्लं, थो गावाले काय जागन?"

आणि सगळं गाव एका आवाजात उत्तर देतं, "जागला!"

यंदा पाणचाख्यांच्या घरात नवी सून आली होती. तिने हे पहिल्यांदाच ऐकलं. "अगं बाई," ती सासूला म्हणाली, "भर गावात असं बोलावं का कोणी?"

सासूने तिचा पदर सारखा केला. "आपल्याच घरातलं बोलनं हाये माय. ऐकून घे."